नांदूरघाटला राहिलेली कॅसेट

माझी बायको भजनं म्हणायची. परळीतल्या सात बायकांचं मंडळ होतं. पेटी, तबला, टाळ, सगळं त्याच वाजवायच्या आणि पुढे बसून गायची ती माझी बायको. तिला जाऊन येत्या चैत्रात दोन वर्षं होतील. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तकांची सुटलेली शिवण पुन्हा घालणं, दुमडलेले कोपरे सरळ करणं ही माझी कामं हळू चालतात, आणि लिहिणं त्याहून हळू. तिच्याविषयी लिहायला बसलो की लेखणी दर वेळी कॅसेटींपाशीच येऊन थांबते. म्हणून आधी त्यांचंच लिहितो.

कॅमेरा आमचा नव्हता. मेव्हण्यानं लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचा म्हणून तो घेतला होता. त्या वर्षांत परळीत दर महिन्याला काहीतरी नवं निघायचं. कधी एसटीडीचा पिवळा बूथ, कधी केबलवाला, कधी झेरॉक्स. मेव्हण्याच्या एका गल्लीत तीन शूटिंगवाले झाले आणि चौथ्याला, म्हणजे त्याला, लग्नं मिळेनात. एक दिवस तो पेटीसकट कॅमेरा घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "दाजी, पडून पडून बुरशी लागंल. तुमीच वापरा आता."

खांद्यावर घ्यायचा तो कॅमेरा, चांगलाच जड. अख्खी मोठी कॅसेट त्याच्या पोटात बसायची. डोळा लावायला एक आखूड नळी होती आणि त्या नळीत सगळं जग काळंपांढरं दिसायचं. कॅसेटीवर मात्र रंग उतरायचे. हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढचा बहुतेक घोळ त्या नळीमुळे झाला.

मंडळाला आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. श्रावणातल्या सोमवारी महादेवाच्या देवळात, नवरात्रात कुणाच्या घरी. कार्यक्रम दुपारचे असत, दोन ते पाच, कारण संध्याकाळच्या भाकरीला बायकांना घरी असावं लागे. भाड्याची जीप करून जायचं. बायकांनी जीप करून परगावी जाणं म्हणजे घरोघर परवानगीचा प्रश्न, आणि तिथं माझा उपयोग झाला. "सर सोबत हायेत" एवढं म्हटलं की सासवा गप्प व्हायच्या. मी कुणाच्या अध्यातमध्यात नाही हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. जीपवाल्यानं एकदा माझ्या देखतच तिला विचारलं, "वैनी, सर बोलतच न्हाईत. रागावलेत का आमच्यावर?"

"न्हाई हो मामा," ती म्हणाली. "ते रागावले की बोलतेत."

सात बायकांमध्ये एकटा पुरुष. हातात काहीतरी असावं म्हणून मी कॅमेरा घेतला. खरं कारण इतकंच.

पहिली फेरी नांदूरघाटची. तिथल्या एका मावशींनी बोलावलं होतं. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान होतं आणि गावातला एक व्हीसीआर त्यांच्याकडे होता. त्या दिवशी मी इतका घाबरलो होतो, की निघाल्यापासून कार्यक्रम संपेपर्यंत नळीवरचा डोळा काढला नाही. घाट चढताना मागे राहिलेली थर्मल वीजकेंद्राची धुराडी, अंबाजोगाईला घेतलेला चहा, केजच्या पुढे पंक्चर, रस्त्याच्या कडेला सोडलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, मग देऊळ आणि गाणं. दोन दिवस मान वळत नव्हती. कॅसेट मावशींनी तिथंच ठेवून घेतली. "चार दिसात बघून पाठवते, सर. ज्यांना देवळात येता आलं न्हाई त्यांना दाखवते." आमच्या घरी तेव्हा व्हीसीआर नव्हता, त्यामुळे त्या कॅसेटीत काय उतरलंय ते आम्ही पाहिलंही नव्हतं.

चार दिवसांचे चार महिने झाले. नांदूरघाटच्या कुणाची भेट झाली की निरोप यायचा, कॅसेट लई छान निघाली, पाठवतो. मी एकदा चिडून म्हणालो, की पुस्तक असतं तर मी स्मरणपत्र पाठवलं असतं. ती म्हणाली, "राहू द्या की. तिथं बघणाऱ्या हायेत. आपल्याकडं कोण बघतंय?"

पण आपल्याकडेही बघणारे निघाले. मेव्हण्याचा व्हीसीआर आला, आणि पुढच्या प्रत्येक फेरीनंतरच्या रविवारी आमच्या बैठकीत मंडळ जमायला लागलं. सोबत सासवा, जावा, मुलं. मग ती कॅसेट गावोगाव फिरायला निघायची, कधी एसटीच्या कंडक्टरकडे, कधी बाजाराला आलेल्या पाहुण्याच्या पिशवीत. भजनापेक्षा रस्त्याचा भाग लोकांना जास्त आवडायचा. पेटी वाजवणाऱ्या बाईंच्या सासूला एकदा सून टीव्हीत दिसली, रस्त्याच्या कडेला फुगडी घालताना.

"काय गं," सासू म्हणाली, "घरी येऊन तर म्हणलीस, जीपमधी लई चक्कर आली, सैपाक होणार न्हाई."

सुनेनं तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "आत्या, फुगडीनंच आलती की चक्कर."

सगळ्यांत मोठ्यानं सासूच हसली, आणि पुढच्या सोमवारी तीही जीपमध्ये येऊन बसली.

चूक पहिल्यांदा लक्षात आली ती अशाच एका रविवारी. टीव्हीवर देवळाचा सभामंडप आला, पेटीचा सूर लागला, बायकोनं पदर सावरला, आणि ती गायला लागली तसं चित्र हळूहळू खाली उतरलं. तिचे खांदे, मग मांडीतल्या आमच्या मुलीचं डोकं, मग हात, मग टाळ, आणि शेवटी सतरंजी. लाल आणि निळ्या पट्ट्यांची सतरंजी, तिचं गाणं संपेपर्यंत, आठ-नऊ मिनिटं. एक मुंगी पट्ट्यांवरून आरामात चालत गेली. गाणं संपल्यावर चित्र दचकल्यासारखं वर आलं.

"अहो, मी कुठंय यात?"

झालं होतं असं: नळीतून ती काळीपांढरी दिसायची. तिची हिरवी साडी राखेच्या रंगाची, कपाळावरचं कुंकू काळं. ती गायला लागली की मला ते सहन व्हायचं नाही आणि मी नळीवरचा डोळा काढून सरळ तिच्याकडे बघायचो. डोळा निघाला की खांद्यावरच्या कॅमेऱ्याचं तोंड आपोआप खाली जायचं. मला ते कळायचंही नाही.

हे तेव्हा सगळ्यांसमोर कसं सांगणार? मी म्हणालो, "जड आहे फार."

तबला वाजवणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, बाकीच्यांच्या गाण्याला जड होत न्हाई तो. आमी सगळ्या कशा ठसठशीत आलोत बघा. फक्त आक्काच्या वक्ताला जड होतो."

खोलीभर हशा. बायको माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असावं, कारण ती एकदम उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढच्या खेपेला मी ठरवून गेलो, आणि पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. कॅसेटी वाढत गेल्या आणि गावोगावच्या बायका निरोप पाठवायला लागल्या, की सर, यंदा नवी सतरंजी घ्या, जुनीचा कंटाळा आला. बायको स्वतःच लोकांना सांगायची, माझं गाणं बघायचं न्हाई, ऐकायचं असतंय. फक्त एकदा, नेकनूरला जायच्या आदल्या दिवशी साडीला इस्त्री करताना, ती वर न बघता म्हणाली, "एकदा तरी दाखवा की मला. मी कशी गाते ते मला तरी कळंल."

मी त्याच दिवशी मेव्हण्याकडून तीन पायांचा स्टँड आणला.

नेकनूरचा कार्यक्रम नवरात्रातला, खंडेनवमीच्या दिवशी. ज्यांच्या घरी होता त्यांनी ओसरीवर शिलाई मशीन, विळे, खुरपी, तराजू मांडून सगळ्यांना कुंकू लावलं होतं. अंगणात ट्रॅक्टर हार घालून उभा. मी स्टँड लावला, नळीत बघून तिचा चेहरा बरोबर मध्ये घेतला, बटण दाबलं, लाल दिवा लागल्याची खात्री केली आणि लांब भिंतीला टेकून बसलो. त्या दिवशी पहिल्यांदाच मी तासभर मोकळ्या हातांनी तिचं गाणं बघितलं. पार्वती रुसून माहेरी निघते असं एक पद ती म्हणायची, ते त्या दिवशी तिनं फार लांबवलं. घरातल्या म्हाताऱ्या आजी सुरुवातीलाच उठून कॅमेऱ्यापाशी गेलेल्या मला मागून दिसल्या होत्या. वाटलं होतं, कौतुकानं बघताहेत.

रविवारी कॅसेट लावली. पाच मिनिटं ती अगदी स्वच्छ दिसली, पण पदर सावरताना, बाजूच्या बाईशी बोलताना. मग आजींचा हात आला. काचेजवळ काहीतरी हललं आणि सगळा पडदा केशरी झाला. खंडेनवमीच्या दिवशी घरातलं एवढं मोठं यंत्र आजींना बिनपूजेचं बघवलं नव्हतं. त्यांनी त्याला कुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. पुढचा तासभर झेंडूच्या पाकळ्या, आणि मागून तिचा आवाज.

ती हसून हसून भिंतीला टेकली. डोळे पुसत म्हणाली, "गाणं माझं, आन् पूजा त्याची!"

तिनं पुन्हा कधी दाखवा म्हटलं नाही. मीही स्टँड परत दिला. वाटलं, अजून खूप श्रावण आहेत.

आजारपण तीन आठवड्यांचं. त्याविषयी मी इथं लिहिणार नाही.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. आमच्याबरोबर ती जवळजवळ प्रत्येक फेरीला आलेली. आई गेल्यावर ती रडली, मग शाळेत जायला लागली, जेवायला लागली. मला वाटलं, मुलं सावरतात. दिवाळीच्या सुटीत मी पुस्तकांना कव्हरं घालत बसलो होतो, तर ती शेजारी येऊन बसली आणि कात्रीशी खेळत म्हणाली, "बाबा, आई गाताना कशी दिसायची?"

"छान दिसायची."

"छान म्हणजे कशी? तोंड कसं करायची?"

मी कव्हर दुमडत राहिलो. ती म्हणाली, "मला आई भाकरी करताना आठवते. माझ्यावर ओरडताना आठवते. पोळ्याच्या दिवशी पडली होती ना, तेपण आठवतं. गाताना आठवतच न्हाई. डोळे मिटले की आवाज येतो, पण तोंडच येत न्हाई. मी विसरले का बाबा?"

मी कव्हरं बाजूला सारली आणि अल्बम काढला. फोटो होते, पण फोटोत सगळ्यांची तोंडं मिटलेली. आम्ही दोघांनी त्या सुटीत अकराच्या अकरा कॅसेटी बघितल्या. ती प्रत्येक गाण्याला पुढे सरकून बसायची आणि सतरंजी आली की मागे. सातव्या कॅसेटीनंतर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही असं का केलं?" रागानं नाही, खरंच कळत नाही म्हणून. मी तिला नळीची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि पुढची कॅसेट लावली.

अकरावी संपली तेव्हा मला पहिली आठवली. नांदूरघाटची. त्या एकाच दिवशी मी डोळा काढला नव्हता.

आम्ही सकाळच्या बसनं निघालो. अंबाजोगाईला बदलली, केजला बदलली. ती खिडकीशी बसली होती.

"त्यात नक्की आहे ना आई?"

"असावी."

"असावी म्हणजे?"

"त्या दिवशी मी फार घाबरलो होतो," मी म्हणालो. "म्हणजे असणार."

मावशी दुकानातच होत्या. मुलीला बघितल्यावर हातातलं माप तसंच सोडून बाहेर आल्या आणि तिची हनुवटी धरली. मग चहा, पोहे, आणि गल्लीतल्या तीन-चार बायका. मी कॅसेटीचं विचारलं तसा मावशींचा चेहरा बदलला. कपाटातून त्यांनी खणात गुंडाळलेली कॅसेट काढली. "सर, लावते. पण तुमी रागावू नका."

चित्र चांगलं होतं. घाट आला, पंक्चर आलं, दशम्या आल्या. मुलगी टीव्हीपासून हातभरावर बसली होती. देऊळ आलं. पेटीचा सूर लागला. बायकोनं पदर खोचला, घसा साफ केला, सरळ माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. तिथंच पडद्यावर पांढऱ्या रेघा सुरू झाल्या. आधी दोन-चार, मग सगळा पडदा. रेघांच्या मागे काहीतरी हिरवं हलत होतं. आवाज येत होता, थरथरत, पण येत होता. गाणं संपलं आणि चित्र पुन्हा लख्ख झालं. बायका हात जोडत होत्या.

"आमीच घासली, सर," मावशी म्हणाल्या. "कुनाची लेक माहेराला आली की म्हणायची, मावशी, आक्काचं पद लावा. लावलं की पुन्हा म्हणायची, अजून एकडाव. तेवढंच मागं घ्यायचं, तेवढंच लावायचं. सहा वर्षं. बाकीची कॅसेट जशीच्या तशी हाय बघा. मग परत द्यायची लाज वाटायली. कोणत्या तोंडानं देऊ?"

मी काय रागावणार होतो? पण मुलीकडे बघवत नव्हतं. ती टीव्हीपासून हलली नव्हती.

मावशींच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी कॅसेट मागे घेतली आणि गाणं पुन्हा लावलं. "बाळा, रेघांकडं बघू नको. मी सांगते. हितं तुझ्या आईनं डोळे मिटले."

"कुठं मिटले?" दुसरी एक बाई म्हणाली. "दुसऱ्या कडव्याला मिटले. पहिल्या कडव्याला तर वर कळसाकडं बघत होती."

"मी पुढं बसले होते का तू?"

"पुढं बसून तुमी पेंगत होता, मावशी. मी बघितलंय."

"आन् मान अशी डावीकडं करायची," तिसरी म्हणाली. "उजवीकडं, उजवीकडं," दोघी-तिघी एकदम ओरडल्या. मग माझ्याकडे वळून मावशी म्हणाल्या, "सर, तुमीच सांगा. तुमी तर बघतच बसायचात."

मी म्हणालो, डावीकडे. आणि सांगत गेलो. वरचा सूर लावताना उजवी भुवई चढायची. कडवं संपलं की ओठ क्षणभर दुमडायची, चुकलं नाही ना असं स्वतःला विचारल्यासारखं. एवढं एका दमात मी त्या गावात कधीच बोललो नव्हतो.

मुलगी ऐकत होती, पण तिच्या कपाळावर आठी होती. शेवटी ती म्हणाली, "मला हे कायच माहीत न्हाई. भुवई पण न्हाई."

"तू लहान होतीस गं," मावशी म्हणाल्या.

"लहान न्हाई. मी तिथंच होते. मांडीत." ती थांबली. मग सावकाश, शोधत शोधत बोलायला लागली. "आई मला मांडीत घ्यायची गाताना, मोठी झाले तरी. माझं तोंड लोकांकडं असायचं. मग मला आईचं तोंड दिसणारच कसं? मी विसरले न्हाई बाबा. मी बघितलंच नव्हतं."

"व्हय की," मावशी हळूच म्हणाल्या. "मांडीत असायची ही."

"मला पाठीला यायचं गाणं. गुदगुल्या व्हायच्या."

मावशींनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि मांडी घातली. "ये. बस बरं." ती आता केवढी तरी मोठी झाली होती. तिचे पाय मावशींच्या मांडीतून बाहेर फरशीवर आले. मावशींनी तेच पद धरलं. आवाज जाडसर, थोडा फुटका, पण चाल तीच. मुलीनं डोळे मिटून घेतले आणि एक कडवं पूर्ण ऐकलं.

"असं न्हाई," ती म्हणाली. "तुमचं वर येतंय. आईचं खाली यायचं."

"कुठं गं?"

तिनं हात मागे वळवला, पण तो पोचेना. तेव्हा तिनं माझा हात धरला, स्वतःच्या पाठीवर नेला आणि माझी बोटं फ्रॉकवरून सरकत राहिली. "हितं न्हाई. अजून खाली. थोडं डावीकडं. हां, बाबा. हितं."